सिमेंटातली राख ही भेसळ नाही; स्लॅब तडकतो तो तोडलेल्या पाण्यामुळे आणि घाईमुळे

चंद्रपूर : गावात कुणाच्या स्लॅबला भेग पडली की पारावर निकाल लागलेलाच असतो. "आजकाल सिमेंटात राख भरतात, पहिल्यासारखं सिमेंट राहिलं नाही." दुकानदार म्हणतो मिस्त्री चुकला, मिस्त्री म्हणतो माल खराब होता, आणि घरमालक पावसाळ्यात छताखाली बादली ठेवून बसतो.

यातली अर्धी गोष्ट खरी आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक घरगुती सिमेंटमध्ये राख असतेच. पण ती चोरून भरलेली नसते. सरकारी मानकाप्रमाणे, मोजून, दळून घातलेली असते आणि पिशवीवर तसं छापलेलं असतं. उरलेली अर्धी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. या राखेला काम करायला पाणी आणि दिवस लागतात. ते दिले तर हेच सिमेंट घट्ट बसतं आणि भेगाही कमी पडतात. नाही दिले तर तीच बॅग कच्ची राहते. आपल्या जिल्ह्याच्या उन्हाळ्यात नेमकं हेच दोन्ही कमी पडतं.

हा विषय आत्ताच महत्त्वाचा का, तर गावोगावी घरकुलांची कामं सुरू आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात राज्यातल्या २० लाख कुटुंबांना मंजुरीपत्रं देण्यात आली. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार रुपये अनुदान, त्यावर रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच बॅगेमागे दिलासा. पण एवढ्या पैशात घर एकदाच बांधून होतं. स्लॅब बिघडला तर दुसऱ्यांदा अनुदान नाही.

पिशवीत नेमकं काय असतं?

चुनखडी आणि माती मोठ्या भट्टीत भाजली की काळपट गोळे तयार होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या भागातल्या लोकांना हे नव्याने सांगायला नको. या क्लिंकरमध्ये थोडा जिप्सम घालून दळलं की साधं सिमेंट होतं. पिशवीवर ते ओपीसी, ४३ ग्रेड किंवा ५३ ग्रेड असं लिहिलेलं असतं.

याच क्लिंकरसोबत वीज केंद्रातली बारीक उडती राख दळली किंवा मिसळली की झालं पीपीसी. मानकाप्रमाणे त्यात राख १५ ते ३५ टक्के असू शकते. राखेऐवजी पोलाद कारखान्याच्या भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, घातली की पीएससी. त्यात स्लॅग २५ ते ७० टक्क्यांपर्यंत चालते. राख आणि स्लॅग दोन्ही असतील तर ते कंपोझिट सिमेंट. म्हणजे राख किंवा मळी असणं हा गुन्हा नाही, तो सिमेंटचा एक मान्य प्रकार आहे.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण फार, साधारण ३० ते ४० टक्के. म्हणजे १०० टन कोळसा जाळला की ३० ते ४० टन राख उरते. ती ठेवायची कुठे हा देशभरातल्या वीज केंद्रांचा प्रश्न आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वीज केंद्रांना सगळी राख वापरात आणणं बंधनकारक केलं आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १ हजार रुपये भरपाई लावली. सिमेंट कारखाने हे या राखेचे मोठे गिऱ्हाईक आहेत.

कारखान्याला यात फायदा आहे, हे उघड आहे. क्लिंकर भाजायला कोळसा लागतो, चुनखडी लागते. राख भाजावी लागत नाही. पण कारखान्याचा फायदा झाला म्हणजे गिऱ्हाइकाचं नुकसान झालंच, असं यात होत नाही. ते कसं, हे समजून घ्यायला हवं.

राख करते काय?

सिमेंटात पाणी पडलं की दोन गोष्टी तयार होतात. एक, चिकट लगदा. तोच पुढे दगड होतो आणि रेती-गिट्टीला धरून ठेवतो. दुसरी गोष्ट म्हणजे विझलेला चुना. या चुन्यात ताकद फारशी नसते. पाणी झिरपत राहिलं तर तो विरघळून बाहेर येतो. जुन्या स्लॅबखाली पांढरे ओघळ दिसतात, ते याचेच.

राखेतली सिलिका या मोकळ्या चुन्याला पकडते आणि त्याचाही चिकट लगदा करते. म्हणजे जो माल वाया जाणार होता तो कामाला लागतो. काँक्रीटमधली बारीक छिद्रं भरत जातात, पाणी आत शिरायला वाट राहत नाही आणि आतली सळई गंजायला वेळ लागतो.

ही युक्ती नवी नाही. जुन्या वाड्यांच्या बांधकामात चुन्यात विटांची बारीक पूड, म्हणजे सुर्खी, मिसळत. तिथेही तत्त्व हेच होतं. इटलीत नेपल्सजवळच्या पोझुओली गावाच्या परिसरातली ज्वालामुखीची राख रोमन लोक चुन्यात घालत. त्या गावावरूनच 'पोझोलाना' हा शब्द आला आणि तोच आज पिशवीवर छापलेला दिसतो.

राखेचे आणखी दोन गुण आहेत. तिचे कण गोल, मण्यासारखे असतात. त्यामुळे माल फावड्याखाली सहज सरकतो आणि पाणी थोडं कमी लागतं. दुसरं म्हणजे सिमेंट मुरताना जी उष्णता निघते, ती राखेमुळे कमी आणि हळूहळू निघते. मोठ्या धरणात हा गुण फार मोलाचा असतो. आतून तापलेलं आणि बाहेरून थंड झालेलं काँक्रीट तडकतं. म्हणून अमेरिकेत हंग्री हॉर्स धरणात १९५० च्या आसपास राख वापरली गेली. आपल्या राज्यात घाटघरच्या धरणातही राखेचं काँक्रीट आहे. धरण चालतं, मग घर का नाही, असा प्रश्न कुणी विचारला तर तो बरोबरच आहे.

मग अडतं कुठे?

अडतं वेळेवर. राखेचं काम चुना तयार झाल्यानंतर सुरू होतं. आधी सिमेंट मुरणार, चुना निघणार, मग राख त्याला धरणार. म्हणून सुरुवातीचे दिवस पीपीसी मागे असतं.

मानकात किमान किती ताकद हवी ते दिलेलं आहे. सोप्या भाषेत, चौरस सेंटिमीटरवर किती किलो भार पेलला पाहिजे ते असं :

• ४३ ग्रेड ओपीसी : ३ दिवसांत सुमारे २३०, ७ दिवसांत ३३०, २८ दिवसांत ४३० किलो.
• ५३ ग्रेड ओपीसी : ३ दिवसांत सुमारे २७०, ७ दिवसांत ३७०, २८ दिवसांत ५३० किलो.
• पीपीसी : ३ दिवसांत सुमारे १६०, ७ दिवसांत २२०, २८ दिवसांत ३३० किलो.

हे कमीत कमी आकडे आहेत, ते प्रयोगशाळेत ठरलेल्या पद्धतीने, पूर्ण ओलावा ठेवून काढलेले असतात. आकडे पाहून "मग पीपीसी कमजोरच" असं म्हणण्याची घाई नको. २८ दिवसांनंतर साध्या सिमेंटची वाढ मंदावते, राखेच्या सिमेंटची मात्र पुढेही चांगली चालू राहते. एक-दोन मजली घराला लागणारी ताकद पीपीसी देतं. फक्त ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागू नये.

आपल्या गावात मात्र नेमकं तेव्हाच मागितलं जातं.

घाई सेंट्रिंगची

स्लॅब पडला की सेंट्रिंगवाल्याला प्लेटा आणि बल्ल्या पुढच्या कामावर न्यायच्या असतात. दिवस वाढला की भाडं वाढतं, म्हणून घरमालकही गप्प बसतो. घरकुलाचा पुढचा हप्ता बांधकामाचा टप्पा पूर्ण झाल्याचा फोटो गेल्यावर मिळतो, ती घाई वेगळीच.

भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, बल्ल्या किती दिवस ठेवायच्या ते स्पष्ट आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखाली कमीत कमी ७ दिवस, त्याहून मोठा गाळा असेल तर १४ दिवस. बीमखाली ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्याहून मोठ्याला २१ दिवस. आणि हे दिवस साध्या ओपीसीसाठी आहेत. राखेचं सिमेंट असेल तर त्याप्रमाणे बदल करावा, असं तिथेच म्हटलेलं आहे. म्हणजे ७ दिवस हा पीपीसीचा हिशोब नाही. पीपीसीच्या स्लॅबला आणखी आठवडाभर बल्ल्या राहू दिल्या तर त्यात नुकसान फक्त भाड्याचं आहे.

लवकर बल्ल्या काढल्या तर स्लॅब लगेच कोसळतोच असं नाही. तो थोडा वाकतो, खालच्या बाजूने बारीक तडकतो आणि त्या भेगा कायमच्या राहतात. पुढे त्यातून ओल शिरते, सळई गंजते, फुगते आणि खालचं प्लास्टर खपल्यांनी पडायला लागतं. तोवर दहा वर्षं झालेली असतात आणि दोष सिमेंटच्या नावावर लागतो.

घाई पाण्याची

दुसरा हिशोब पाण्याचा. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी द्यायचं, राखेच्या किंवा स्लॅगच्या सिमेंटला किमान १० दिवस. हवा कोरडी आणि गरम असेल तर साध्याला १० दिवस आणि राखेच्या सिमेंटला १४ दिवस. चंद्रपूरचा एप्रिल-मे म्हणजे कोरडी आणि गरम हवाच. पारा ४५ अंशांच्या वर जातो. ४० अंशांच्या वरचं काम हे 'गरम हवामानातलं काँक्रीट' समजून वेगळी काळजी घ्या, असं मानक सांगतं. आपल्याकडे उन्हाळ्यातलं जवळपास प्रत्येक दुपारचं काम त्यात बसतं.

प्रत्यक्षात काय होतं? पहिले तीन दिवस जोरात पाणी, मग सकाळ-संध्याकाळ एकेक पाइप, पाचव्या दिवशी विहीर आटली किंवा नळ आला नाही की बंद. सिमेंटातलं पाणी उडून गेलं की आतली क्रिया थांबते. साध्या सिमेंटचं तोवर बरंचसं काम झालेलं असतं. राखेचं तर नुकतंच सुरू झालेलं असतं. म्हणजे पाणी तोडल्याचा फटका पीपीसीला जास्त बसतो. ज्या राखेने छिद्रं भरायची ती तशीच कोरडी धूळ बनून आत पडून राहते. लोकांना वाटतं राखेने घात केला. खरं पाहता राखेला पाणीच मिळालेलं नसतं.

पाणी किती लागतं याचाही हिशोब करता येतो. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. एवढ्या स्लॅबवरून दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडालं तर ते २५० लिटर होतं. १४ दिवसांचे साडेतीन हजार लिटर. टंचाईच्या गावात ही मोठी गोष्ट आहे, हे मान्य. पण वाफे करून त्यात पाणी भरलं, किंवा ओलं बारदान, पोती, ब्रह्मपुरी-नागभीडकडे सहज मिळणारं धानाचं तणस अंथरलं आणि वरून प्लास्टिक टाकलं, तर उडणारं पाणी बरंच वाचतं. पाइपने दिवसातून दोनदा शिंपडण्यापेक्षा झाकून ठेवलेली ओल जास्त कामाची. दुपारभर स्लॅब कोरडा तापू देणं आणि संध्याकाळी त्यावर थंड पाणी ओतणं, हे तर भेगांना आमंत्रण आहे.

पाण्याची सोय नसेल तर स्लॅब मे महिन्यात टाकण्याचा हट्ट सोडलेला बरा.

भेग कोणती, कारण कोणतं

सगळ्या भेगा सारख्या नसतात. भेग कधी पडली आणि कशी दिसते, यावरून कारण कळतं.

त्याच दिवशी पडलेली भेग. स्लॅब टाकून दोन-चार तास झाले आणि वर तिरप्या, एकमेकींना समांतर भेगा दिसल्या तर ते ऊन आणि वाऱ्याचं काम. ताज्या काँक्रीटमधलं पाणी हळूहळू वर येत असतं. ते वर येण्याच्या आधीच हवेने शोषलं तर वरची कातडी आकसते आणि फाटते. तासाला चौरस मीटरमागे एक लिटरच्या आसपास पाणी उडायला लागलं की हा धोका वाढतो. इथे बारीक पुडीचा वाईट गुण दिसतो. पूड जितकी बारीक, तितकं पाणी आत धरलं जातं आणि वर कमी येतं, म्हणून वरची कातडी लवकर सुकते. सिलिका फ्यूम नावाची अतिशय बारीक पूड मोठ्या पुलांच्या कामात वापरतात. तिचे कण सिमेंटच्या कणापेक्षा सुमारे शंभरपट लहान असतात. ती ताकद भरपूर देते, पण पहिल्या काही तासांत झाकलं नाही तर भेगाही तितक्याच देते. पीपीसीत हे एवढं तीव्र नसतं, तरी सेट व्हायला वेळ लागत असल्याने ऊन-वारा लागायला संधी जास्त मिळते. उपाय सोपा आहे. काम पहाटे किंवा संध्याकाळी करावं, प्लेटा आणि गिट्टी आधी भिजवून थंड करावी, माल टाकला की लगेच प्लास्टिकने झाकावं. भेग दिसली आणि माल अजून मऊ असेल तर पुन्हा रंधा मारून ती मिटवता येते.

प्लास्टरवरची जाळी. भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात. वरून कोरडं सिमेंट भुरभुरून घासणं, सिमेंट गरजेपेक्षा जास्त घालणं, चुरीतली धूळ जास्त असणं ही त्याची नेहमीची कारणं. घराला धोका नाही, पण रंग टिकत नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी पडलेली सरळ भेग. काँक्रीट सुकताना आकसतं. जितकं जास्त पाणी घालून माल कालवला, तितकं जास्त आकसतं. मिक्सरवाला माल पातळ करायला वरून बादली ओततो, ती बादली इथे बाहेर येते. एम-२० काँक्रीटसाठी ५० किलोच्या एका बॅगेला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, असं प्रमाण मानकात आहे. रेती ओली असेल तर त्याहून कमी.

कोपऱ्यातून जाणारी, रुंद होत जाणारी तिरपी भेग. ही सिमेंटची नाही, पायाची. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर कोणतंही सिमेंट, कोणतीही पावडर ही भेग थांबवू शकत नाही.

बाहेरून घातलेली पूड : इथे खरा धोका

कारखान्यात दळलेली राख वेगळी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलेली राख वेगळी. फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून फसगत होते.

सिमेंटात वापरायची राख वीज केंद्राच्या धूर गाळणाऱ्या यंत्रणेतून कोरडी गोळा करतात. तिचा बारीकपणा ठरलेला असतो आणि त्यात न जळलेला कोळसा ५ टक्क्यांच्या आत लागतो. तलावात सोडलेली ओली राख जाडसर असते, तिच्यात तळाची भरड राख मिसळलेली असते. भरावाला ती चालते, विटांनाही चालते. स्लॅबच्या सिमेंटची जागा ती घेऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट हिशोबाची. मानक राख मिसळायला परवानगी देतं ते साध्या ओपीसीत, तेही ती एकसारखी मिसळली जाईल याची खात्री असेल तर. पीपीसीच्या बॅगेत आधीच ३५ टक्क्यांपर्यंत राख असू शकते. म्हणजे ५० किलोत साडेसतरा किलो. त्यात कुणी "माल वाढतो" म्हणून आणखी १० किलो घातली तर ६० किलोत साडेसत्तावीस किलो राख झाली, सुमारे ४६ टक्के. सिमेंटातून निघणारा चुना तर तेवढाच आहे. जास्तीच्या राखेला धरायला चुनाच उरत नाही. ती नुसती धूळ म्हणून राहते, पाणी पिते आणि ताकद खाते.

भातपट्ट्यात राइस मिलच्या तुसाच्या राखेबद्दलही मोबाईलवर बरंच फिरतं. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते आणि ती सिमेंटात उपयोगी पडते, हे खरं आहे. पण त्यासाठी तूस ठरावीक तापमानात जाळावं लागतं आणि राख बारीक दळावी लागते. मिलच्या मागे पडलेल्या काळ्या ढिगात न जळलेला कोळसा असतो. ती राख स्पंजासारखं पाणी पिते. तो ढीग उचलून घमेल्याने मिक्सरमध्ये टाकणं म्हणजे घराशी जुगार.

चुरीचंही तसंच. घरकुलासाठी ५ ब्रासपर्यंत रेती मोफत देण्याची तरतूद राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात आहे. पण रेती वेळेवर हाती पडली नाही की लोक क्रशरची चुरी आणतात. धुतलेली, चाळलेली एम-सँड वेगळी आणि क्रशरखालची धूळ वेगळी. दगड फोडून केलेल्या रेतीत अतिबारीक धूळ १५ टक्क्यांपर्यंत चालते. त्याहून जास्त असेल तर माल पाणी मागत राहतो, आणि पाणी वाढलं की ताकद घटते, भेग वाढते. घरच्या घरी अंदाज घेता येतो. काचेच्या ग्लासात चुरी आणि पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वर गाळाचा जाड थर बसला तर तो माल स्लॅबला नको.

राहिली वॉटरप्रूफ पावडर. चांगल्या कंपनीची, पाकिटावर लिहिलेल्या मापात घातली तर ती पाणी झिरपणं कमी करायला मदत करते. जास्त घातली म्हणजे जास्त फायदा, असं नसतं. कच्च्या, न भिजवलेल्या स्लॅबला कोणतीही पावडर वाचवत नाही.

दुकानात आणि साइटवर काय पाहायचं?

• पिशवीवर आयएसआय चिन्ह, सिमेंटचा प्रकार आणि पॅकिंगचा आठवडा-महिना-वर्ष वाचा. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट तपासल्याशिवाय स्लॅबला घेऊ नका. हवेतली ओल पिऊन त्याची ताकद उतरलेली असते.
• आयएसआय चिन्हाखाली सीएम-एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाईलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की परवाना खरा आहे की नाही ते कळतं.
• प्रकार पाहूनच दिवस ठरवा. पीपीसी, पीएससी किंवा कंपोझिट असेल तर उन्हाळ्यात १४ दिवस पाणी. मिस्त्रीशी बोलणी करतानाच हे ठरवा.
• सेंट्रिंगचं भाडं ठरवताना जास्तीचे दिवस आधीच धरा. नंतर वाद होतो आणि बल्ल्या निघतात.
• एकाच स्लॅबला दोन प्रकारचं सिमेंट मिसळू नका. एक भाग लवकर मुरतो, दुसरा उशिरा.
• मिक्सरजवळ घरातलं एक माणूस उभं ठेवा. त्याने फक्त पाण्याच्या बादल्या मोजायच्या.
• शंका असेल तर स्लॅबच्या मालाचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवा. २८ दिवसांनी ते प्रयोगशाळेत फोडून ताकद कळते. पंचायत समितीच्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला ते कुठे करता येईल हे विचारता येतं.

दोष कुणाचा?

या सगळ्यात घरमालक एकटाच चुकतो असं नाही. सिमेंट बदललं, पण कामाची पद्धत बदलली नाही. मिस्त्री लोकांनी हात शिकले ते साध्या सिमेंटवर. तेव्हा पाच-सात दिवस पाणी मारलं की भागत होतं. आज गावातल्या दुकानात बहुतेक राखेचं सिमेंट येतं आणि सवय मात्र जुनीच आहे. पिशवीवर प्रकार छापलेला असतो, पण त्याला किती दिवस पाणी हवं हे मोठ्या मराठी अक्षरांत सांगणारं कुणी नाही. घरकुलाची पाहणी होते ती पाया, भिंत, छत झालं की नाही याची. छताला किती दिवस पाणी मिळालं, हे फोटोत दिसत नाही.

ग्रामपंचायतीला यात करण्यासारखं आहे. उन्हाळ्यात घरकुलांच्या स्लॅबसाठी टँकरची पाळी लावता येते. गावात चार-पाच स्लॅब एकाच आठवड्यात येणार असतील तर सेंट्रिंगचं सामान एकत्र ठरवून भाडं कमी करता येतं. मासिक सभेत मिस्त्री आणि अभियंत्याला समोरासमोर बसवून अर्धा तास बोलता येतं. यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा निधी लागत नाही.

पारावरचा निकाल म्हणून थोडा दुरुस्त करायला हवा. सिमेंटात राख आहे, हे खरं. ती नियमातली आहे, हेही खरं. पण ती उशिरा कामाला लागते. तिला १४ दिवस ओल द्या, बल्ल्या घाईने काढू नका आणि वरून तुमची राख घालू नका. पाचव्या दिवशी पाइप गुंडाळून ठेवला तर त्यानंतर पडणाऱ्या भेगेसाठी पिशवीकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.